मोअरहाउस कॉलेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचं असतं. ते ज्या कॉलेजात शिकले, त्याचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. खरं तर त्या कॉलेजाचा आणि आपल्या वर्ध्याचा जुना संबंध आहे. त्याबद्दल पुढे येईलच. आधी साधे प्रश्न घेऊ.

हे कॉलेज नेमकं कुठे आहे आणि कसलं आहे?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या पश्चिम भागात. खासगी आहे, फक्त मुलग्यांसाठी आहे, बरेचसे विद्यार्थी तिथेच राहून शिकतात. संख्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कॉलेजाच्या तुलनेत अगदीच छोटं. जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय. ‘आणि प्रकाश झाला’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे.

‘एचबीसीयू’ म्हणतात ते काय? कृष्णवर्णीयांसाठी राखीव कॉलेजं का?

राखीव नाहीत, आणि आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. ‘हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज’ या लांबलचक नावाचं ते लघुरूप. १९६५च्या उच्च शिक्षण कायद्यात त्याची व्याख्या आहे: १९६४च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांना शिकवणं हाच मुख्य हेतू असलेली संस्था. आज अशा साधारण शंभर संस्था आहेत, बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांत. त्यांतली सगळ्यांत जुनी, पेनसिल्व्हेनियातली चेनी, १८३७ची.

त्या निघाल्या कारण इतर दारं बंद होती. जॉर्जियात १८२९च्या कायद्याने गुलामांनाच नव्हे, स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं होतं. शिकवणाऱ्याला दंड, फटके. १८६५ साली उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. पण दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांनी त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षं दरवाजा उघडला नाही. उलट या संस्थांनी गोऱ्यांना मज्जाव केल्याचं फारसं दिसत नाही. आज एचबीसीयूंमध्ये शिकणाऱ्या साधारण चौघांपैकी एक जण कृष्णवर्णीय नसतो. मोअरहाउसमध्ये हे प्रमाण खूपच कमी आहे, तरी २००८ साली तिथे वर्गात पहिला आलेला विद्यार्थी गोरा होता. कॉलेजाच्या इतिहासात पहिल्यांदाच, त्यामुळे देशभर बातमी झाली.

‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे आपली कला शाखा?

नाही. भौतिकशास्त्र शिकणाऱ्याने इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, एखादी परकी भाषा हेही शिकायचं, आणि समाजशास्त्रवाल्याने गणित-विज्ञान टाळायचं नाही, अशी ही पद्धत. दहावीनंतरच मुलाला एका फाट्यावर ढकलून देण्याची सवय असलेल्या आपल्याला ती जरा सैल वाटते. पण मोअरहाउसच्या बाबतीत ‘लिबरल आर्ट्स’ हा नुसता अभ्यासक्रमाचा प्रकार नव्हता, ते भांडण होतं. कसलं, ते जॉन होप यांच्या प्रश्नात सांगतो.

सुरुवात कशी झाली?

फेब्रुवारी १८६७. जॉर्जियातल्याच ऑगस्टा गावातल्या स्प्रिंगफील्ड बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. विल्यम जेफरसन व्हाइट हे या कामातले पुढारी. धर्मोपदेशक आणि व्यवसायाने लाकडी सामान घडवणारे कारागीर. त्यांच्या जोडीला पूर्वी गुलामगिरीत राहिलेले रिचर्ड कूल्टर, आणि वॉशिंग्टनहून मदत करणारे एडमंड टर्नी. धर्मोपदेशक आणि शिक्षक तयार करणं हा हेतू. शिकायला आलेल्यांत कालपरवापर्यंत अक्षर गिरवणं हा ज्यांच्यासाठी गुन्हा होता अशी प्रौढ माणसं होती.

१८७९ साली शाळा अटलांटाला गेली, तिथेही एका चर्चच्याच तळघरात, फ्रेंडशिप बॅप्टिस्टमध्ये. पुढे १८८५च्या सुमारास आजची जागा मिळाली. तेलसम्राट जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून मिळालेली ही टेकडी म्हणजे यादवी युद्धातली लढाईची जागा. गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या सैन्याने उत्तरेच्या फौजेला जिथे अडवून धरलं होतं, तिथेच गुलामांची मुलं वर्गात बसू लागली. त्या जागेवरचा ग्रेव्हज हॉल १८८९चा, आजही उभा आहे.

मग मोअरहाउस हे नाव कुठून आलं?

आधी ऑगस्टा इन्स्टिट्यूट, मग अटलांटा बॅप्टिस्ट सेमिनरी, १८९७मध्ये अटलांटा बॅप्टिस्ट कॉलेज, आणि १९१३पासून मोअरहाउस. हेन्री लायमन मोअरहाउस हे या शाळांना पैसा पुरवणाऱ्या बॅप्टिस्ट मिशन संस्थेचे चिटणीस, गोरे. ‘टॅलेंटेड टेन्थ’, म्हणजे समाजातल्या हुशार दहा टक्क्यांना उत्तम शिक्षण द्यावं आणि त्यांनी बाकीच्यांना वर ओढावं, हा शब्दप्रयोग त्यांनी १८९६ साली केला. पुढे तो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्या नावावर गाजला.

जॉन होप कोण होते? त्यांना इतकं महत्त्व का देतात?

१९०६ साली कॉलेजाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले ते होप. वडील स्कॉटलंडहून आलेले गोरे व्यापारी, आई कृष्णवर्णीय. होप दिसायला इतके गोरे होते की त्यांनी मनात आणलं असतं तर ‘गोरा’ म्हणून सुखाने जगता आलं असतं. त्या काळात बऱ्याच जणांनी तसं केलंही. होप यांनी केलं नाही. ब्राउन विद्यापीठातून उत्तम पदवी घेऊन ते दक्षिणेत परत आले.

आता ते भांडण. १८९५ साली अटलांटाच्या प्रदर्शनात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी एक भाषण केलं. त्यांची भूमिका अशी: कृष्णवर्णीयांनी सध्या राजकीय आणि सामाजिक समतेचा आग्रह सोडावा, शेती, सुतारकाम, विटा पाडणं असं हाताचं कौशल्य शिकून आपल्या पायावर उभं राहावं. गोऱ्या दानशूरांना ते फार आवडलं. अशा ‘औद्योगिक’ शाळांकडे पैशांचा ओघ लागला. ग्रीक-लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांकडे मात्र ‘या लोकांना हे कशाला हवं?’ अशा नजरेने बघितलं जाऊ लागलं.

दुसऱ्याच वर्षी, १८९६मध्ये, नॅशव्हिलला केलेल्या भाषणात होप यांनी याला उघड विरोध केला. आपण समतेसाठी झटत नसू तर मग जगतोय तरी कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. अध्यक्ष झाले त्या १९०६ साली हार्पर्स फेरीला समान हक्कांची मागणी करणाऱ्या नायगारा चळवळीची सभा भरली, तिला ते हजर राहिले. देणगीदार नाराज होतील ही भीती असताना एखाद्या कॉलेजाच्या अध्यक्षाने तिथे जाणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याच सप्टेंबरात अटलांटात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या कत्तली केल्या. अशा गावात, अशा वर्षी हा माणूस खुर्चीवर बसला आणि मुलांना पूर्ण शिक्षण द्यायचं म्हणत राहिला.

मला विचाराल तर या कॉलेजाचा खरा वारसा इथे आहे. वॉशिंग्टन यांना खलनायक करण्याचं कारण नाही. भुकेल्या माणसाला हातात काम लागतं हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ‘तुमच्यासाठी एवढं पुरे’ हे दुसऱ्याने ठरवायचं, ही गोष्ट होप यांना मान्य नव्हती. आपल्या मुलाला कुणी ‘आयटीआय बघा, इंजिनिअरिंग त्याला झेपायचं नाही’ असं जातीकडे बघून सांगितलेलं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे जास्त सांगावं लागणार नाही.

बेंजामिन मेज यांचं नाव सगळीकडे येतं. त्यांनी काय केलं?

१९४० ते १९६७, सत्तावीस वर्षं ते अध्यक्ष होते. जन्म १८९४चा, दक्षिण कॅरोलिनातल्या खेड्यात. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. त्यांना आठवणारी सगळ्यांत जुनी गोष्ट १८९८ची: घोड्यांवर बसून आलेला बंदूकधारी गोऱ्यांचा जमाव वडिलांना अडवतो आणि टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावतो. चार वर्षांच्या पोराने ते पाहिलं.

शेतातल्या कामामुळे त्यांची शाळा वर्षातून मोजके महिनेच भरायची. तिथून ते मेन राज्यातल्या बेट्स कॉलेजात पोचले आणि पुढे शिकागो विद्यापीठाचे डॉक्टरेट झाले. १९२१ ते २४ या काळात मोअरहाउसमध्ये गणित शिकवलं, वादविवादाचा संघ घडवला. अध्यक्ष म्हणून परत आले तेव्हा कॉलेजाची तब्येत बरी नव्हती. पैसा आटला होता, मग युद्धामुळे मुलंही आटली. फीवसुलीत ते इतके कडक की मुलांनी त्यांना ‘बक बेनी’ असं टोपणनाव ठेवलं (‘बक’ म्हणजे बोलीभाषेत डॉलर).

पण मुलांच्या लक्षात राहिली ती त्यांची मंगळवार सकाळची भाषणं. सेल हॉलमधल्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, सक्तीने बसायचं. मेज सांगायचे: वेगळ्या दाराने, मागच्या जिन्याने गॅलरीत बसवतात त्या थिएटरात पैसे देऊन जाऊ नका. कायद्याने जिथे वेगळं बसावंच लागतं तिथे इलाज नाही, पण स्वतःच्या खिशातून अपमान विकत घेऊ नका. नेम चुकला तर चालेल, नेम खालचा धरू नका, हेही त्यांचं नेहमीचं सांगणं. त्यांच्या कारकिर्दीनंतर लगेच, १९६८ साली, फाय बीटा कॅपा या नामांकित विद्वत्संस्थेची शाखा कॉलेजाला मिळाली.

किंग तिथे हुशार विद्यार्थी म्हणून ओळखले जायचे का?

अजिबात नाही, आणि हे उत्तर वाचून बऱ्याच आयांना धीर येईल. युद्धामुळे वर्ग ओस पडले होते, म्हणून मेज यांनी शाळेचं शेवटचं वर्ष पुरं न केलेल्या मुलांनाही परीक्षा घेऊन प्रवेश द्यायला सुरुवात केली. त्यातून १९४४ साली पंधरा वर्षांचा मार्टिन आला. वाचनात तो आठवीच्या पातळीवर आहे असं तिथे लक्षात आलं. १९४८मध्ये समाजशास्त्राची पदवी घेतली तेव्हा सरासरी चारपैकी २.४८ होती.

हे घराणंच मोअरहाउसचं. आईचे वडील तिथे शिकलेले, वडीलही तिथलेच. प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात फीचे पैसे जमवायला तो इतर मुलांबरोबर उत्तरेला, कनेटिकटमध्ये तंबाखूच्या मळ्यात कामाला गेला. तिथे कुठल्याही हॉटेलात शिरून जेवता येतं याचं त्याला नवल वाटलं, घरी पाठवलेल्या पत्रांत ते दिसतं. परतीच्या रेल्वेत मात्र दक्षिण जवळ आली आणि जेवणाच्या डब्यात त्याला पडद्याआड बसवलं.

कॉलेजात त्याने पहिल्यांदा थोरो वाचला, अन्यायी कायदा पाळू नका म्हणणारा अमेरिकन लेखक. समाजशास्त्र आणि धर्म शिकवणाऱ्या प्राध्यापकांमुळे धर्मोपदेशक होणं म्हणजे नुसतं मोठ्याने प्रवचन देणं नाही हे पटलं. १९४७ साली विद्यार्थ्यांच्या ‘मरून टायगर’ या नियतकालिकात त्याने शिक्षणाच्या हेतूवर लेख लिहिला. मुद्दा असा की नुसती बुद्धी पुरत नाही, शिकलेला पण नीतीने पोकळ माणूस समाजाला सगळ्यांत धोकादायक. लेखक अठरा वर्षांचा होता.

मंगळवारच्या भाषणांनंतर तो मेज यांच्यामागे वाद घालत जायचा. पुढे किंग त्यांना आपले आध्यात्मिक गुरू म्हणू लागले. दोघांत एक करार होता: जो मागे राहील त्याने दुसऱ्याचं अखेरचं भाषण करायचं. क्रम उलटा ठरायला हवा होता. ९ एप्रिल १९६८ रोजी खेचरांच्या गाडीवरून किंग यांची शवपेटी मोअरहाउसच्या आवारात आली आणि त्र्याहत्तर वर्षांच्या मेज यांनी एकोणचाळीस वर्षांच्या शिष्याला निरोप दिला.

वर्ध्याचा संबंध तो काय?

दोन माणसं, एकाच वर्षात, गांधींना भेटायला आली.

पहिले हॉवर्ड थर्मन, मोअरहाउसचे १९२३चे पदवीधर. भारत, ब्रह्मदेश, सिलोनच्या दौऱ्यावर आलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. फेब्रुवारी १९३६मध्ये गुजरातेत बारडोलीला भेट झाली. गांधींनीच आधी प्रश्नांचा भडिमार केला: गुलामगिरी, मताचा हक्क, शिक्षण, सगळ्यावर. निघताना पाहुण्यांना त्यांची भक्तिगीतं म्हणायला लावली. आणि म्हणाले, अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित तुमच्या लोकांकडूनच मिळेल. महादेवभाई देसाईंनी हे ‘हरिजन’मध्ये छापलं. किंग तेव्हा सात वर्षांचे होते.

दुसरे मेज. म्हैसूरला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची जागतिक परिषद होती, त्यासाठी ते आले आणि १९३६ संपता संपता वर्ध्याला गेले. गांधी त्याच वर्षी शेगावला, आजच्या सेवाग्रामला, राहायला आले होते. सुमारे दीड तास बोलणं झालं. अल्पसंख्य, निःशस्त्र माणसांनी बहुसंख्यांसमोर अहिंसा चालवायची कशी, लोकांना ती शिकवायची कशी, हे मेज यांना हवं होतं. उत्तर आलं ते साधारण असं: त्याला सोपा रस्ता नाही, ती जगूनच शिकवावी लागते.

मेज यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा. अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेवरच घाव का घालत नाही? गांधींनी अस्पृश्यता आणि जात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. त्याच १९३६च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (जातिप्रथेचे विध्वंसन) हे भाषण स्वतःच छापलं होतं, त्यात हाच प्रश्न होता. दक्षिण कॅरोलिनात जन्मलेल्या पाहुण्याला तो काही दिवसांत सुचला.

म्हैसूरकडे असताना अस्पृश्य मुलांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मेज यांना बोलावलं. ओळख करून दिली ती अशी की हे आपल्यासारखेच अमेरिकेतले अस्पृश्य आहेत, तरी केवढे शिकले बघा. मेज आधी चमकले, थोडे दुखावलेही. मग मनाशी कबूल केलं की माझ्या देशात मी तोच तर आहे.

या भेटी हवेत विरल्या नाहीत. मेज मंगळवारच्या भाषणांतून भारताबद्दल बोलत. १९५०च्या सुमारास फिलाडेल्फियात किंग यांनी गांधींवरचं एक व्याख्यान ऐकलं आणि बाहेर पडून गांधींवरची मिळतील ती पुस्तकं विकत घेतली. ते व्याख्यान देणारे मोर्डेकाय जॉन्सन हेही मोअरहाउसचेच, १९११चे, नुकतेच भारतातून परतलेले. १९५९मध्ये किंग स्वतः भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात राहिले. ‘गांधींचा प्रभाव’ असं एका ओळीत उरकतात, पण हा प्रभाव पोस्टाने आलेला नाही. एका छोट्या कॉलेजातली माणसं बोटीने येऊन तो घेऊन गेली.

विद्यार्थ्यांनी चळवळीत प्रत्यक्ष भाग घेतला का?

घेतला, आणि मोठ्यांना विचारत न बसता. ९ मार्च १९६० रोजी शेजारच्या सहा संस्थांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी अटलांटाच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहीरनामा छापला. पुढाकार मोअरहाउसचे लॉनी किंग आणि ज्युलियन बाँड यांचा, मसुद्यात मोठा हात शेजारच्या मुलींच्या स्पेलमन कॉलेजातल्या रोझलिन पोप यांचा. १५ मार्चला दोनशेच्या आसपास मुलंमुली गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहांत जाऊन बसली. ७७ जणांना अटक. ऑक्टोबरात ‘रिच’ या मोठ्या दुकानातल्या सत्याग्रहात मुलांनी मार्टिन ल्यूथर किंग यांनाही ओढलं. तेही तुरुंगात गेले.

पुढच्या वर्षी किंग यांनी मोअरहाउसमध्ये तत्त्वज्ञानाचा एक वर्ग घेतला, मोजक्या मुलांचा. त्यात बाँड होते.

हॉलिवूडचा नट सॅम्युअल एल. जॅक्सनने विश्वस्तांना कोंडून ठेवलं होतं, हे खरं?

खरं. आणि कोंडलेल्यांत किंग यांचे वडील होते! एप्रिल १९६९. विद्यार्थ्यांच्या मागण्या होत्या: अभ्यासक्रमात कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि साहित्य हवं, विश्वस्त मंडळावर कृष्णवर्णीय जास्त हवेत, आजूबाजूच्या वस्तीशी कॉलेजाने नातं ठेवावं. दाद लागेना तेव्हा मुलांनी बैठकीचीच दारं लावून घेतली, एक दिवसाहून जास्त. थोरल्या किंग यांच्या छातीत दुखू लागलं तसं त्यांना शिडीवरून खाली सोडलं. जॅक्सनला दोन वर्षांसाठी काढून टाकलं. परत येऊन १९७२मध्ये पदवी घेतली. वर्षभर आधी किंग यांच्या अंत्यविधीत हाच मुलगा स्वयंसेवक होता. कडक शिस्तीच्या कॉलेजातून बंडखोर निघतात, यात मला काही विसंगत वाटत नाही.

आणखी कोण कोण शिकलं तिथे?

यादी लांब आहे, सगळी देत नाही. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य सल्लागार, झालेले डेव्हिड सॅचर. जॉर्जियातून सिनेटवर गेलेले पहिले कृष्णवर्णीय राफाएल वॉर्नॉक, जे किंग यांच्याच चर्चचे धर्मगुरू आहेत. ब्राउन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, जीवशास्त्रज्ञ सॅम्युअल नॅब्रिट. १९९४ साली कॉलेजाला ऑक्सफर्डला शिकायला नेणारी पहिली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली, नंतर आणखी मिळाल्या.

माझा आवडता मात्र एडविन मोझेस. भौतिकशास्त्र शिकायला आला होता. कॉलेजाकडे धावण्याचा स्वतःचा ट्रॅक नव्हता, म्हणून गावातल्या शाळांच्या मैदानांवर सराव करायचा. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दोन अडथळ्यांमध्ये तेरा पावलं टाकायची, अगदी शेवटपर्यंत, हा त्याचा हिशेब. १९७६ला माँट्रियलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण, १९८४ला पुन्हा सुवर्ण, आणि १९७७ ते १९८७ या काळात सलग १२२ शर्यती अजिंक्य.

मोअरहाउसचं मेडिकल कॉलेज वेगळं आहे का?

हो. १९७५ला कॉलेजातच सुरू झालं, १९८१पासून स्वतंत्र. पहिले डीन लुइस सलिव्हन, तेही माजी विद्यार्थी, पुढे अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले. डॉक्टर नसलेल्या गरीब वस्त्यांत आणि खेड्यांत जाणारे डॉक्टर घडवणं हा तिथला मुख्य आग्रह.

मुलींचं काय?

रस्त्यापलीकडे स्पेलमन आहे, मुलींचं. १८८१ साली सोफिया पॅकर्ड आणि हॅरिएट जाइल्स या दोन शिक्षिकांनी त्याच फ्रेंडशिप चर्चच्या तळघरात सुरू केलेलं. त्या तळघराचं एकदा तरी दर्शन घ्यायला हवं होतं! दोन्हीकडचे विद्यार्थी एकमेकांचे वर्ग करू शकतात, ग्रंथालय सामायिक आहे. प्रवेशाच्या चढाओढीत आणि देणग्यांत हल्ली स्पेलमन मोअरहाउसच्या पुढे असतं. २०२४च्या जानेवारीत त्याला एकाच कुटुंबाकडून १० कोटी डॉलर मिळाले. मोअरहाउसच्या पोरांना हे आठवून दिलेलं आवडत नाही.

एका अब्जाधीशाने सगळ्या वर्गाचं कर्ज फेडलं, ती बातमी इथलीच का?

इथलीच. मे २०१९, पदवीदान. पाहुणे रॉबर्ट स्मिथ यांनी भाषणातच जाहीर केलं की या वर्गाचं शिक्षणाचं कर्ज माझं कुटुंब फेडेल. सुमारे ४०० मुलं, रक्कम ३.४ कोटी डॉलर. मुलं आधी गप्प झाली, कारण आपण नीट ऐकलं का हेच कळेना. पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या पत्नीने कॉलेजाला ४ कोटी डॉलर शिष्यवृत्तीसाठी दिले.

बातमी गोड आहे, पण ती मुळात का झाली ते बघा. राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ५० हजार डॉलरच्या घरात जातो. ज्यांच्या आजोबांना बँक घरासाठी कर्ज देत नव्हती, त्यांच्या घरात नातवाच्या फीसाठी विकायला जमीन किंवा घर नसतं. शिवाय त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षाच्या मुलांना कुणी स्मिथ भेटला नाही.

टीका होत नाही का या कॉलेजावर?

होते, आणि बरीच रास्त आहे. ‘हुशार दहा टक्के’ या कल्पनेतच एक उच्चभ्रूपणा आहे, उरलेल्या नव्वदांचं काय, हा जुना आक्षेप. शिकत असेपर्यंत ‘मॅन ऑफ मोअरहाउस’ आणि पदवीनंतरच ‘मोअरहाउस मॅन’, असा तिथे काटेकोर भेद पाळतात. त्या ‘मॅन’च्या साच्यात न बसणाऱ्यांना त्रास झाला. २००९ साली पोशाखाचे नियम आले: इमारतीत टोपी नको, घसरलेली पँट नको, आणि बायकांचे कपडे नकोत. शेवटच्या नियमाने मोठा वाद झाला. दहा वर्षांनी धोरण बदललं आणि २०२०पासून पारलिंगी पुरुषांना प्रवेश खुला झाला. सहा वर्षांत पदवी पुरी करणारे विद्यार्थी निम्म्याहून थोडेच जास्त असतात. अडचण बहुधा बुद्धीची नसते, पैशाची असते.

आपली मुलं तिथे जाऊ शकतात का?

जाऊ शकतात. प्रवेश कुणालाही मागता येतो, वर्णाची अट नाही. परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी मदत मर्यादित असते हे लक्षात ठेवून आधी हिशेब करा. आणि आपल्या घरात रंगावरून जे बोललं जातं, लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी हवी’ म्हणून जे छापलं जातं, ते सामानात बांधून नेऊ नका.

आपल्याकडे असं कॉलेज आहे का?

तंतोतंत तुलना होत नाही. पण जवळ जाणारं नाव सुचतं ते औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये काढलेलं, मराठवाड्यातल्या ज्या मुलांच्या घरात आधी कुणी शाळा पाहिली नव्हती त्यांच्यासाठी, पण दार सगळ्यांना उघडं ठेवून. इथेही एक धागा जुळतो: अमेरिकेत शिकून आलेले मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा मराठवाड्यातल्या तरुण लेखकांमध्ये आणली. दलित पँथर १९७२ची, नाव कुठून घेतलं ते वेगळं सांगायला नको.

अटलांटाला गेलो तर काय बघावं?

किंग यांचं जन्मघर आणि समाधी शहराच्या पूर्वेला ऑबर्न ॲव्हेन्यूवर आहे, बहुतेक मराठी पर्यटक तेवढंच बघून परततात. कॉलेज पश्चिमेला. हात पुढे करून उभा असलेला किंग यांचा पुतळा त्यांच्या नावाच्या चॅपेलसमोर आहे. त्यांची हस्तलिखितं, सुमारे दहा हजार कागदपत्रं, २००६ साली लिलावात जाणार होती. अटलांटाच्या महापौरांनी पुढाकार घेऊन ३.२ कोटी डॉलर उभे केले आणि ती मोअरहाउसच्या मालकीची झाली. ती शेजारच्या सामायिक ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.

चॅपेलजवळच एक उंच स्तंभ दिसेल. त्यात हॉवर्ड थर्मन यांच्या अस्थी आहेत. तिथून ग्रेव्हज हॉलकडे गेलात की समोर बेंजामिन मेज आणि त्यांच्या पत्नी सेडी यांची समाधी लागते. बारडोलीला गेलेला आणि वर्ध्याला गेलेला, दोघेही याच आवारात, एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर.